नव्वद दिवसांचा मुक्काम

नेदरलँड्समधल्या ॲम्स्टेलवेनच्या मराठी घरांत जानेवारी उजाडला की बोलणं एकाच विषयावर येतं: यंदा कोणाचे आई-बाबा कधी येणार? शेंगेन व्हिसावर 180 दिवसांच्या कुठल्याही काळात फार तर 90 दिवस राहता येतं. अमेरिकेत माझ्या नणंदेकडे सहा-सहा महिने राहून आलेल्या सासू-सासऱ्यांना ही मुदत फार तोकडी वाटते. ट्युलिप बघायचे तर एप्रिल हवा. नातवंडांना सुट्टी हवी तर जुलै-ऑगस्ट. थंडी तर अजिबात नको. सगळं एकाच मुक्कामात बसत नाही. आमच्याकडे ठरलं ते असं, की मुलांच्या शाळेचे दिवस धरायचे. सुट्टीत आपण त्यांना नुसतं फिरवत राहतो. शाळा-ऑफिस चालू असताना ते आले तर आपल्याबरोबर राहतात. हा फरक मला फार मोठा वाटतो, आणि या वहीत तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

*

कागदपत्रांचं काम मी करते. हमीपत्राचा फॉर्म भरायचा, नगरपालिकेत जाऊन तिथल्या माणसासमोर सही करायची, पगाराच्या पावत्या जोडायच्या. येणाऱ्याने किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय विमासंरक्षण घ्यायचं. आणि आपण परत जाणार आहोत हे पटवून द्यायचं.

त्यासाठी माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, पेन्शनचे कागद काढले, घराचा उतारा काढला, पैठण तालुक्यातल्या जमिनीचा सातबारा काढला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. फोनवर मला म्हणाले, “अगं, मी परत येणार हे गावात कुणाला लिहून द्यावं लागत नाही.” आवाजात राग नव्हता. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला स्वतःच्या घराची ओढ कागदावर सिद्ध करावी लागते, याचं मला वाईट वाटतं. म्हणून फाइल मी नीट लावते, अनुक्रमणिका घालते, आणि काउंटरवर कोण काय विचारेल याची फोनवर उजळणी करून घेते. त्यांना तिथे अडखळावं लागू नये.

*

बॅगा भरताना पैठणहून रोज फोन. काय चालतं, काय नाही याची यादी मी लिहूनच पाठवली. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून सामानात आणता येत नाहीत. म्हणजे पेढे नाहीत, खवा नाही, घरचं तूपही नाही. डिसेंबर 2019 पासून फळं-भाज्यांचाही नियम कडक झाला. रोगमुक्तीच्या सरकारी दाखल्याशिवाय पाचच फळं आणता येतात: केळी, अननस, खजूर, डुरियन आणि नारळ. हापूस त्या पाचांत नाही. कढीपत्त्याची जुडी तर मुळीच नाही.

नारळ चालतो, हे वाचून सासूबाईंना केवढा आनंद! ओटी भरायला नारळ आपला आपण नेता येईल. सुकं खोबरं मात्र विमानात नेऊ देत नाहीत. त्यात तेल असल्यामुळे ते पेटण्याची भीती. मग मसाल्यात खोबरं आधीच भाजून कुटून टाकायचं ठरलं. भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, सांडगे, कुरडया हे सगळं खुशाल आणावं. प्रत्येक पुडीवर इंग्रजीत नाव लिहावं आणि पुडी उघडून दाखवता येईल अशी बांधावी.

*

व्हीलचेअर मागवावी की नाही, यावर घरोघरी वाद होतो. चालता येणाऱ्या माणसाने ती मागू नये, असं माझ्या नवऱ्याचं ठाम मत. ते मला पटतं. ज्यांना खरंच चालता येत नाही त्यांची खुर्ची अडते. पण भाषा येत नसलेल्या, पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या बाईने स्खिपोलसारख्या विमानतळावर एकटीने वाट कशी काढायची? मुंबईहून थेट विमान घ्यावं, मध्ये विमान बदलावं लागू नये, एवढं तरी आपल्या हातात असतं. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत. काटकसर दुसरीकडे करता येते.

*

इथली ओळीतली घरं अरुंद असतात आणि जिने फार उभे. झोपायच्या खोल्या वर, न्हाणीघर वर, खाली एक लहानसा संडास. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे घर दिवसातून पाच-सहा वेळा हरवतं. आम्ही बसायच्या खोलीचा मागचा भाग पडद्याने वेगळा केला आणि पलंग खाली आणला. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवला. संडासात पाण्याचा फवारा लावून घेतला आणि अंघोळीला बसायला स्टूल, बादली, तांब्या ठेवला. हे सगळं ते येण्याआधी झालेलं असावं. आल्यावर त्यांना या गोष्टी मागाव्या लागल्या तर ते मागत नाहीत, अडचण सोसतात.

*

पहिल्या आठवड्यात घराची किल्ली द्यावी.

इथली दारं ओढली की आपोआप बंद होतात, बाहेरून उघडत नाहीत. म्हणजे ज्याच्याकडे किल्ली नाही तो घरात अडकलेला. अण्णांनी पैठणच्या घराच्या किल्ल्या जन्मभर स्वतःच्या जानव्याला बांधल्या. मुलाच्या घरात मात्र दार उघडायला आमची वाट बघत बसायचं, हे बरं दिसत नाही. मुलाचं घर आई-बापाला परकं नसतं, असं आपण म्हणतो. पण परक्या देशात ते घर त्यांना परकं करून टाकायला एवढंसं कारणही पुरतं: किल्ली नाही, दुकानात चालणारं कार्ड नाही, ट्राममध्ये कसं चढायचं माहीत नाही, गॅसऐवजी काचेची शेगडी. एकेक गोष्ट त्यांच्या हाती परत द्यावी लागते. यजमानाचं खरं काम हेच आहे असं मला वाटतं. क्युकेनहॉफच्या ट्युलिप बागेत नेऊन फोटो काढणं त्यानंतर येतं.

*

पैशांचं. इथल्या काही दुकानांत आता रोकड घेतच नाहीत. खिशात युरोच्या नोटा असूनही अण्णांना ब्रेड विकत घेता येईना. पुढच्या खेपेला त्यांनी तिकडच्या बँकेतून स्वतःच्या नावाचं फॉरेक्स कार्ड आणलं. 2023 पासून इथल्या ट्राम-बसमध्ये बँकेचं कार्ड टेकवूनही प्रवास करता येतो, त्यामुळे तेच कार्ड तिथेही चाललं. भाजी अण्णा आणतात, पैसे अण्णा देतात. मी नको म्हणत नाही. युरोचे रुपये किती हा गुणाकार सासूबाई प्रत्येक वस्तूवर करतात, तोही करू द्यावा. आयुष्यभर ज्या हिशेबावर त्यांनी घर चालवलं तो इथे आल्याबरोबर सोडून द्यावा, अशी अपेक्षा आपण का करावी?

*

जूनमध्ये इथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. सासूबाईंचा पहिल्या संध्याकाळचा प्रश्न: “दिवा कधी लावायचा?” दहा वाजता मुलं झोपलेली. उजेडात दिवा लावणं त्यांना पटेना. दोन दिवस विचार करून त्यांनी सात ही वेळ ठरवली. मुलांनाही ते सोयीचं झालं. दिवा लागला की शुभंकरोती आणि मग जेवण.

संकष्टीचं आणखी अवघड. उन्हाळ्यात इथे चतुर्थीचा चंद्र उगवेपर्यंत मध्यरात्र होते आणि त्यातून आभाळ आलेलं असतं. सत्तरीच्या बाईने तोवर उपाशी राहायचं? मी मध्ये बोलले नाही. त्यांनीच ठरवलं, की आपली चतुर्थी पैठणची धरायची. तिकडे साडेदहाला चंद्र उगवला की इथे सात वाजलेले असतात. जाऊबाई तिकडून फोनवर चंद्र दाखवतात, सासूबाई इथून नमस्कार करतात आणि उपास सोडतात. धर्म कसा पाळायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. आपण पंचांग उघडून त्यांना शिकवायला जाऊ नये.

*

आता अण्णांबद्दल सविस्तर लिहायला हवं.

अण्णा पाटबंधारे खात्यात होते. जायकवाडीच्या कालव्यांवर त्यांची नोकरी झाली. पैठणचं ते धरण मातीचं, लांबी दहा किलोमीटरच्या आसपास, 1976 साली उद्घाटन. पण धरणापेक्षा अण्णांचं आयुष्य चारीवर गेलं. आवर्तन सुटलं की शेजपाळीने पाणी द्यायचं, वरच्यांनी दारं फोडू नयेत म्हणून रात्री गस्त घालायची, आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचलं की नाही ते पहाटे जाऊन बघायचं. टेलचा माणूस कायम तहानलेला, हे ते अजून विसरलेले नाहीत.

या माणसाला आम्ही पहिल्या खेपेला पवनचक्क्या दाखवायला नेलं आणि तो दिवसभर गप्प होता. मला वाटलं, थकले. रात्री जेवताना म्हणाले, “या सगळ्या पाणी उपसायच्या आहेत ना?” त्या क्षणापासून त्यांचा मुक्काम बदलला.

ज्या स्खिपोल विमानतळावर ते उतरले ती जागा एकेकाळच्या तळ्याच्या तळाशी आहे, समुद्रसपाटीच्या तीन-चार मीटर खाली. हार्लेममेर नावाचं ते तळं सुमारे 18,000 हेक्टरांचं. तीन वाफेच्या पंपांनी 1849 ते 1852 या काळात ते उपसून कोरडं केलं. त्यांतल्या एका पंपाचं, क्रुक्विउसचं, आता संग्रहालय झालंय. त्याच्या वाफेच्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास साडेतीन मीटरांहून जास्त आहे. अण्णा त्याच्याभोवती फिरले, खाली वाकून बघितलं, पाट्या वाचल्या, मला भाषांतर करायला लावलं. नंतर बाहेर बाकावर बसून म्हणाले, “आम्ही जन्मभर पाणी आणायच्या मागे. ही माणसं जन्मभर पाणी घालवायच्या मागे. पण गेज दोघांनीही रोज वाचायचं.”

आणि त्यांनी ते वाचायला घेतलं. आमच्या गल्लीच्या टोकाला कालवा आहे, त्यात पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी उभी केलेली आहे. ॲमस्टरडॅमची प्रमाण पातळी शून्य धरून तिच्यावर आकडे असतात. आमच्याकडचे आकडे उणे. अण्णा सकाळी फिरायला जाताना आकडा बघतात आणि खिशातल्या डायरीत लिहितात. पाऊस पडून गेल्यावर पातळी वाढायला हवी, ती वाढत नाही. म्हणजे कुठे तरी पंप चालू झाला. कोण चालू करतो? मग मी जलमंडळांची माहिती शोधून दिली. इथे पाण्याचा कारभार पाहणाऱ्या 21 निवडून आलेल्या संस्था आहेत. या व्यवस्थेची मुळं तेराव्या शतकात जातात, म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरांचं शतक. त्यांची निवडणूक दर चार वर्षांनी होते आणि तिच्यात इथे कायदेशीर राहणाऱ्या परदेशी माणसालाही मत असतं. 2023च्या मार्चमध्ये ती झाली. देशाच्या संसदेसाठी मला मत नाही, पाण्यासाठी आहे, हे ऐकून अण्णा चकित झाले. “टेलवाल्याला मत आहे म्हण ना,” असं ते दुसऱ्या दिवशी गावाकडच्या मित्राला फोनवर सांगत होते.

ॲमस्टरडॅममध्ये पालिकेच्या इमारतीत काचेच्या उंच नळ्यांत समुद्राची चालू पातळी दाखवली आहे, आणि एका नळीत 1953च्या पुराची. त्या पुरात या देशात 1,836 माणसं गेली. अण्णा त्या नळीसमोर उभे होते तेव्हा मी मुलांना घेऊन बाजूला गेले. धरणाच्या, कालव्याच्या माणसाला तो आकडा कसा दिसतो ते मला कळणार नाही.

आलेल्या माणसाच्या आयुष्याचं काम काय होतं ते आठवून त्याला या देशात त्याच्या कामाचा धागा शोधून द्यावा. शिक्षक असेल तर शाळा, शिंपी असेल तर कापडबाजार, शेतकरी असेल तर गोठा. मग तो आपल्याला देश दाखवतो. दहा वर्षं इथे राहून मी ती पट्टी कधी पाहिली नव्हती.

*

ॲमस्टरडॅमसे बोस, म्हणजे आमच्याजवळचं मोठं जंगल, सुमारे हजार हेक्टरांचं. ते मुळातलं जंगल नाही. 1934 पासून मंदीतल्या बेकारांना काम मिळावं म्हणून ते उभं केलं. नौकांच्या शर्यतीचा लांबलचक जलमार्गही माणसांनी हातांनी खणला. अण्णा म्हणाले, “म्हणजे रोजगार हमी.” त्यांना 1972चा दुष्काळ आठवला, खडी फोडणारी गावं आठवली. त्या दिवशी मुलांनी बहात्तरची गोष्ट पहिल्यांदा ऐकली, झाडाखाली बसून.

तिथेच चेरीची 400 झाडं आहेत, जपानी स्त्रियांच्या मंडळाने 2000 साली दिलेली. प्रत्येक झाडाला बाईचं नाव, अर्धी जपानी, अर्धी डच. एप्रिलमध्ये कोणी आलं तर नक्की न्यावं.

*

पाच दिवसांसाठी येणारे नातेवाईक वेगळे. पॅरिस, स्वित्झर्लंड आणि मध्ये आपलं घर. त्यांना गरम पाणी, वरण-भात, कपडे धुवायचं यंत्र आणि स्टेशनवर सोडायला माणूस हवा असतो. तेवढं मनापासून द्यावं.

*

हेगच्या मोठ्या बाजारात सासूबाईंना घेऊन गेले. भेंडी, कारली, हातभर लांब चवळीच्या शेंगा, हिरव्या मिरच्यांचे ढीग. भाजीवालीने त्यांच्या साडीकडे बघून हिंदीत विचारलं, “कहाँ से?” तिची हिंदी भोजपुरी वळणाची, सासूबाईंची मराठवाडी. पण दोघींचं जमलं.

ती सुरीनामची. तिचे पूर्वज मळ्यांवर कंत्राटी मजूर म्हणून गेलेले. 26 फेब्रुवारी 1873 रोजी कलकत्त्याहून निघालेलं लाला रूख हे पहिलं जहाज 5 जूनला पारामारिबोला लागलं. 1916 पर्यंत सुमारे 34,000 माणसं गेली. 1975 मध्ये सुरीनाम स्वतंत्र झाला त्या सुमारास त्यांच्या वंशजांपैकी खूप जण हॉलंडला आले, हेगमध्ये तर फारच. सासूबाईंनी तिला विचारलं, “मग तुमच्या पणजीकडे माहेरचं कोण यायचं?” ती म्हणाली, “कोई नहीं आया, माई. कभी नहीं.”

परतताना ट्रेनमध्ये सासूबाई बराच वेळ याबद्दल बोलत होत्या. जिच्याकडे जन्मात माहेरचं माणूस आलं नाही तिने सणाला कोणाची वाट बघायची? मुलीला डोहाळजेवण कोणी करायचं? पुढच्या खेपेला त्यांनी त्या बाईसाठी पैठणहून हातमागाचं एक ब्लाउजपीस आणलं. बाजारात गर्दी होती, पण तिने गिऱ्हाइकं थांबवून ते घेतलं आणि कपाळाला लावलं. व्हिसा, विमा, हमीपत्र या सगळ्याचा कंटाळा आला की मला ही बाई आठवते. आपल्याकडे माणसं येऊ शकतात. ही केवढी मोठी गोष्ट आहे.

*

स्वयंपाकघर सोपवताना काय सांगावं: काचेच्या शेगडीवर कुकर बुडाने सपाट हवा. फुलका थेट जाळावर फुगणार नाही, तव्यावरच कापडाने दाबून फुगवावा. मीठविरहित लोणी उत्तम मिळतं, त्याचं तूप सुरेख कढतं. ताक कुठल्याही दुकानात तयार मिळतं, आंबट आणि स्वस्त. क्वार्क नावाचा चक्क्यासारखा प्रकार फडक्यात थोडा वेळ टांगला की श्रीखंड होतं. गुढीपाडव्याला सासूबाईंनी तेच केलं. वेलदोडा, जायफळ त्यांनी आणलेलंच होतं.

एवढं सांगून आपण बाहेर यावं. डबे त्यांच्या पद्धतीने लागले तर लागू द्यावेत. त्या गेल्यावरही मी डाळींचे डबे त्यांनी लावले तसेच ठेवते.

*

शेजारच्या रस्त्यावर एका मराठी जोडप्याकडे बाळ झालं. मुलीची आई नगरहून आली होती, सोबत डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशेपा, वेखंड. इथे बाळंतिणीच्या घरी साधारण आठवडाभर एक प्रशिक्षित बाई रोज येते. या सेवेला क्रामझोर्ग म्हणतात. विम्यातच तिची सोय असते. ती बाळाला न्हाऊ घालायला शिकवते, बाळंतिणीचे टाके बघते, ताप मोजते, घर झाडते, मोठ्या भावंडाला खाऊ देते. ही व्यवस्था मला या देशातली फार चांगली गोष्ट वाटते.

पण एका बाळंतिणीभोवती दोन जाणत्या बायका उभ्या राहिल्या. एकीला खिडकी उघडी हवी, दुसरीला बंद. एकीला बाळ सुती कपड्यात मोकळं हवं, दुसरीला घट्ट गुंडाळलेलं. ओव्याची धुरी केली तर छतावरचा धुराचा भोंगा वाजणार, आणि नवजात बाळाला धूर चांगला नाही हे डॉक्टर इकडचे काय, तिकडचे काय, दोघेही सांगतात. आजी दुखावली. लेक मध्ये रडकुंडीला आली.

मार्ग त्या डच बाईनेच काढला. इथे बाळ झालं की भेटायला येणाऱ्यांना कडक टोस्टवर लोणी आणि त्यावर साखरेत घोळलेल्या बडीशेपेसारख्या बियांचे दाणे घालून देतात, मुलगा असेल तर निळे-पांढरे, मुलगी असेल तर गुलाबी-पांढरे. या बियांनी आईला दूध येतं अशी इथली जुनी समजूत. ते तिच्याकडून ऐकल्यावर आजीने उठून बाळंतशेपाची पुरचुंडी उघडून पुढे ठेवली. डच बाईने वास घेतला, मान डोलावली. मग मालीश आजीने करायची, अंघोळ दोघींनी मिळून, धुरी नाही, खिडकी दुपारी थोडा वेळ उघडी, असं ठरलं. आजीला तिचं काम मिळालं आणि घर शांत झालं. मुलीची आई एवढ्या लांब येते ती लेकीच्या अंगावर हात फिरवायला. तो हात अडवू नये. बाकीचं सगळं बोलून ठरवता येतं.

*

आजारपण. विम्यात आधीपासूनचे आजार बहुधा धरलेले नसतात. घेण्याआधी अटी वाचाव्यात. गोळ्यांची पाकिटं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणावीत, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असावं, कारण कंपनीचं नाव इथे कोणाला कळत नाही. साध्या दुखण्याला आधी फॅमिली डॉक्टर, रात्री-सुट्टीला त्यांचं आणीबाणीचं केंद्र, जीवावरचं असेल तर 112. हा आकडा फ्रिजवर देवनागरीत लिहून चिकटवला आहे.

*

मुलांना शाळेतून आणायचं काम अण्णांचं. शाळेतल्या बाईंना आधी सांगून ठेवलं होतं की आजोबा येतील. पहिल्या दिवशी बाईंनी हात पुढे केला, अण्णांनी नमस्कार केला, मग हातही मिळवला. माझी लेक घरी माझ्याशी अर्धं डच बोलते, मी मराठीत विचारलं तरी. अण्णांशी तिला तसं करता येत नाही. बेकरीत ती आजोबांसाठी बोलते, वाटेत त्यांना शब्द विचारते: बांध म्हणजे काय, टेल म्हणजे काय, जिरायत म्हणजे काय. शनिवारच्या मराठी वर्गाला मी तिला नेतेच. पण तिथे भाषा अभ्यास असते. आजोबांबरोबर तिला भाषेची गरज असते. गरज नसेल तर मूल भाषा का सांभाळेल?

*

आई-वडिलांना कायमचं इथे आणून ठेवायला इथल्या कायद्यात जवळजवळ वाट नाही. हे आमच्या पिढीतल्या प्रत्येक घराला माहीत आहे आणि फार थोड्या घरांत त्यावर बोललं जातं. आम्ही बोललो. अण्णा म्हणाले, त्यांना तसंही इथे कायम राहायचं नाही. खरं असेल. पण ऐंशीनंतर विमानप्रवास जमणार नाही तेव्हा काय, हा प्रश्न उरतोच. तेव्हा आम्ही जायचं, दर वर्षी, मुलांसकट, आणि तिथे पाहुण्यासारखं न राहता भाजी आणायची, औषधं आणायची, पेन्शनच्या रांगेत उभं राहायचं. नवऱ्याने त्यासाठी वर्षाच्या सुट्ट्यांचा हिशेब वेगळा लावला आहे. दिराच्या एकट्याच्या अंगावर सगळं टाकून इकडून फक्त पैसे पाठवणं आम्हाला मान्य नाही.

*

पुढच्या वर्षी माझी आई यायची आहे. बाबा गेल्यापासून ती साताऱ्यात एकटी असते. अण्णांसारखी ती पट्टीवरचे आकडे लिहून घेणार नाही, सासूबाईंसारखी स्वयंपाकघरही ताब्यात घेणार नाही. तिचं सगळं आयुष्य परसात गेलं: अळू, कढीपत्ता, शेवगा, गवती चहा. फोनवर तिने विचारलंच, “अगं, बी कुठलं कुठलं आणू?” बीही दाखल्याशिवाय आणता येत नाही. मी म्हटलं, मेथी, धने स्वयंपाकासाठी दुकानात मिळतात तेच पेरू, चवळीचं बी हेगच्या त्या बाईला मागू.

आमच्या घरामागे जमिनीचा लहान तुकडा आहे. माती काळी, ओली, पुण्या-साताऱ्यापेक्षा थंड. इथले जुने बागवाले 11 ते 15 मे हे दिवस थंडीच्या संतांचे मानतात. ते उलटले की रात्री पुन्हा गोठण्याची भीती उरत नाही, तेव्हाच नाजूक रोपं बाहेर लावायची. म्हणून तिचं तिकीट मेच्या मध्यावरचं काढायचं. तिथून नव्वद दिवस म्हणजे ऑगस्टचा मध्य. मेथी महिन्यात येईल, कोथिंबीर त्यामागून. चवळीला ऊन हवं, तिला दक्षिणेच्या भिंतीलगत वेल चढवायला काठ्या रोवून ठेवायच्या. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पण मी फेब्रुवारीत करीन. माती एप्रिलमध्ये खणायची, खत तेव्हाच घालायचं. फावडं तिच्या हाताला झेपेल असं हलकं घ्यायचं आहे, आणि बसून निंदायला एक बुटका पाट.